अर्धा खोका

नंदनवन, नागपूर
९ जानेवारी २०२५

चि. वैभवी,
सप्रेम जयभीम.

आजींचा फोन बंद का, असं तू आईमार्फत विचारलंस. फोन चालू आहे, मी उचलत नाही. फोनवर मी ओरडते, तू रडतेस, आणि दोघींनाही वाटतं की बोलणं झालं. व्हॉट्सॲपवर तू शेवटी हात जोडलेलं चित्र टाकतेस आणि विषय मिटवतेस. हा विषय तसा मिटणार नाही, म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानंच दे. उमरेडहून रोज एसटीनं कॉलेजला येतेस, वाटेत पोस्ट आहे. केंद्रात मात्र मी सांगेपर्यंत पाय ठेवू नकोस.

प्रेमानंदची नोकरी गेली. आठवडासुद्धा झाला नव्हता. छत्तीस वर्षांचा माणूस, आमच्या केंद्राच्या कार्यशाळेत इतकी वर्षं खोके दुमडतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला बाहेर कुणी कामावर बोलावलं. पंचफुलाबाईंनी लेकासाठी नवा शर्ट शिवून घेतला होता. परवा दुपारी सक्करदऱ्याच्या मिठाईच्या दुकानातून चंपतरावांचा फोन आला.

"मॅडम, तुमचा माणूस घेऊन जा. खोका अर्धाच करते अन् हात बांधून बसते. लग्नाचं गिऱ्हाईक समोर उभं, अन् हा नवरदेवावानी पाहून राहिला."

मी त्यांना म्हटलं, त्याचे खोके मी स्वतः पाहिले आहेत, पुठ्ठ्याचा एक कान वाकडा नसतो; तुम्हीच त्याला घाबरवलं असेल. आणखीही बरंच म्हटलं. मिठाई विकणाऱ्याला माणसं वागवता येत नाहीत, असंही म्हटलं. फोन ठेवला आणि केंद्रातल्या मीनलला सांगितलं, कपाटातला खोक्यांचा गठ्ठा काढ, मी नेऊन त्यांच्या काउंटरवर आपटते. मीनल जागची हलेना. शेवटी म्हणाली, "मॅडम, ते खोके वैभवीनं नीट केलेले आहेत. सगळेच."

म्हणजे चंपतरावांना नमुने दाखवले ते तुझे. त्यांनी पसंत केलं ते तुझं काम. नोकरीवर ठेवलं प्रेमानंदला, आणि तिथं तू नव्हतीस.

तू आलीस त्या दिवशी मी काय सांगितलं होतं? या माणसांची बुद्धी हळू चालते, वय हळू चाललेलं नाही. त्यांना 'मुलं' म्हणायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. आणि त्यांच्या कामाला हात लावायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी तू पाळल्यास, म्हणून तिसरीबद्दल मी निर्धास्त राहिले.

चंपतरावांची मी माफी मागितली. मला ते जमत नाही, तरी मागितली. ते म्हणाले, महाशिवरात्रीपर्यंत पुतण्याला बसवतो, तोवर तुमचा माणूस शिकला तर आणा, नाही तर राहू द्या. इथं प्रेमानंद केंद्रातही येत नाही. घरी भिंतीकडे तोंड करून पडला आहे.

तू हे का केलंस, एवढंच लिही. क्षमा वगैरे मागण्यात कागद घालवू नकोस.

तुझी आजी,
अंजना

—

उमरेड
१५ जानेवारी

आदरणीय आजी,
सविनय जयभीम.

क्षमा मागत नाही, तुम्हीच नको म्हणालात.

का केलं ते सांगते. ऑगस्टमध्ये मी आले तेव्हा प्रेमानंददादा रोज खोका करायचा आणि तुम्ही तो उचलून उघडायचात, सपाट करून पुन्हा त्याच्यासमोर ठेवायचात आणि म्हणायचात, "पुन्हा." तुमचा आवाज चढायचा नाही. पण "पुन्हा", "पुन्हा", "पुन्हा". एकदा त्यानं तयार केलेला खोका शर्टाच्या आत लपवला, तुम्हाला मिळू नये म्हणून. शर्टाचं पोट चौकोनी दिसत होतं. सगळे हसले, तुम्हीही हसलात. मी नाही हसले.

तळ तो छान बसवतो. बाजूही उभ्या करतो. शेवटचे दोन कान खाचेत अडकवताना त्याची बोटं घसरतात, तेवढंच. म्हणून तो घरी गेल्यावर, तुम्ही ऑफिसात हिशेब करत असताना, मी कान अडकवून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तुम्ही बघायचात आणि "हं" म्हणायचात. तुमचं ते "हं" ऐकून तो दिवसभर खुशीत असायचा. मला वाटलं, यात कुणाचं काय बिघडतं? त्याला नोकरी लागेल असं माझ्या डोक्यातही नव्हतं. तुम्ही एक दिवस येऊन सांगितलंत की चंपतरावांनी बोलावलंय, मीनलताईंनी पेढे वाटले, तेव्हा मी माझा पेढा न खाता पिशवीत टाकला. पण तेव्हा बोलायचं कसं?

आजी, आमच्या कॉलेजच्या बाकी मुली समाजसेवेचे तास भरण्यापुरत्या आल्या. गोपिकाताईंना मिठी मारून फोटो काढले आणि गेल्या. मी शेवटपर्यंत येत राहिले. तुम्ही मला त्यांच्याहून वाईट समजता, हे मला लागलं.

आणि एक विचारते. रागावलात तरी चालेल. वाकडे येणारे खोके एका महिन्यात सरळ यायला लागले. तुम्ही इतकी वर्षं मुख्याध्यापिका होतात. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराचा पेपर असा एकदम सुधारला असता, तर तुम्ही शेजारी कोण बसलंय ते पाहिलं नसतं का?

दादा कसा आहे? मी त्याला भेटू शकते का?

तुमची,
वैभवी

—

नंदनवन, नागपूर
२३ जानेवारी

चि. वैभवी,
सप्रेम जयभीम.

भेटू शकत नाहीस.

शेजारी कोण बसलंय ते पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. त्यावर यापुढे मी काही लिहिणार नाही, तूही लिहू नकोस.

उत्तराला उशीर झाला, कारण हा सगळा आठवडा माणसांनी खाल्ला. सोमवारी एक कुटुंब न विचारता केक घेऊन आलं. त्यांच्या नातवाचा पहिला वाढदिवस, आणि तो 'या मुलांसोबत' करायचा. मी बँकेत गेले होते. परत येते तो बावन्न वर्षांच्या गोपिकाच्या डोक्यावर कागदाची टोपी, आणि कुणीतरी बाई तिच्या तोंडात केक कोंबत होती. गोपिका मला म्हणाली, "मॅडम, याह्यले म्हणा, मले शुगर हाये." मी त्यांना म्हटलं. ते फार दुखावले. जाताना म्हणाले, आम्ही चांगल्या भावनेनं आलो होतो. चांगल्या भावनेनं येणाऱ्यांसाठी दाराला कुलूप लावायची वेळ आली आहे. तू स्वतःला यात धरायचं की नाही, ते तू ठरव.

मंगळवारी रामबागेत प्रेमानंदच्या घरी गेले. तो उठला नाही. पंचफुलाबाईंनी चहा दिला, तोही रागानंच.

"मॅडम, काहून मागं लागल्या त्याच्या? घरी बसते तर बसू द्या ना. मी हाओ ना त्याले पाहाले."

"तुम्ही किती दिवस आहात, पंचफुलाबाई?"

"जेवढे हाओ तेवढे."

"आणि नंतर?"

त्यावर त्या माझा कप उचलून घेऊन गेल्या. माझा चहा अजून संपला नव्हता. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, पायरी उतरताना भिंत धरतात. त्यांची कळमेश्वरची लेक आणि जावई दोघंही कारखान्यात जातात. ती म्हणते, भावाला मी ठेवून घेईन, पण दिवसभर त्याला जायला काहीतरी ठिकाण हवं. घराला बाहेरून कडी लावून मी कामावर जाणार नाही. तिचं बरोबर आहे. ज्याला एका दुकानात काम करता येतं, त्याला दुसऱ्या दुकानात करता येतं. ज्याला एकाही ठिकाणी जमलं नाही, त्याच्यासाठी शेवटी कडीच उरते. म्हणून मला सक्करदऱ्याचं ते दुकान हवं आहे. चंपतरावांच्या पेढ्यांची मला गोडी नाही.

बुधवारी दुकानात गेले. चंपतराव बोलतात फार, पण माणूस वाईट नाही. त्यांनी सांगितलं ते असं: प्रेमानंद सकाळी वेळेवर यायचा. तळ बसवायचा, बाजू उभ्या करायचा, आणि खोका डाव्या हाताला सरकवून ठेवायचा. मग पुढचा. अशी अर्ध्या खोक्यांची रांग काउंटरच्या टोकापर्यंत गेली की हात बांधून दाराकडे बघत बसायचा. "म्या म्हटलं, अबे प्रेमा, याचे कान कोण लावन? तर मलेच म्हणते, येते, येते."

माझ्या मते त्याला तिथून पळून जायचं होतं, म्हणून दाराकडे नजर. अनोळखी जागेत घाबरून तो पुढचं विसरला. ही माणसं घाबरली की शिकलेलं आधी जातं. आता पहिल्यापासून सुरुवात. पण तो उठतच नाही तर सुरुवात कुणाशी करू?

अंजना

—

उमरेड
२८ जानेवारी

आजी,
जयभीम.

तुमचं पत्र काल संध्याकाळी मिळालं. रात्री जेवले नाही, आई ओरडली.

दादा विसरलेला नाही. घाबरलेलाही नसेल. तो माझी वाट बघत होता.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तो घरी गेल्यावर मी कान लावायचे. ते खोटं आहे. पहिले थोडे दिवस तसं केलं. मग एकदा तो डबा विसरला म्हणून परत आला आणि त्यानं मला त्याचे खोके करताना पाहिलं. मला वाटलं, चिडेल. तर तो शेजारी येऊन बसला, एक खोका तळ बसवून, बाजू उभ्या करून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "हे तुह्यं." मी कान लावले. त्यानं दुसरा सरकवला. त्यानंतर आम्ही रोज तसंच करायचो. माझी बस अकराला पोचायची. तोवर त्याची रांग तयार असायची, डाव्या हाताला, कारण मी त्याच्या डावीकडे बसायचे. तुम्ही खोलीत आलात की मी हात खाली घ्यायचे. मीनलताईंना माहीत होतं. त्यांना मीच शपथ घातली होती, त्यांच्यावर चिडू नका.

"येते, येते" म्हणजे मी येते. आजी, त्यानं दुकानात त्याचं काम पूर्ण केलं होतं. मी शिकवलं तेवढंच त्याचं काम होतं. अर्धा त्याचा, अर्धा माझा. मी गेले नाही आणि त्याला वाईट ठरवून घरी पाठवलं. तो भिंतीकडे तोंड करून पडणार नाही तर काय करणार? माझ्यावर रुसलाय तो.

हे मी लपवलं, कारण त्याच्या मागे करणं एक आणि त्याच्यासोबत करणं वेगळं, हे मला तेव्हाच कळत होतं. मागे केलं तर दया म्हणता येते. सोबत केलं ते शिकवणं झालं, चुकीचं.

मला येऊ द्या. प्लीज. तुम्ही सांगून तो माझा अर्धा स्वतःकडे घेणार नाही.

वैभवी

—

नंदनवन, नागपूर
५ फेब्रुवारी

वैभवी,

तुझं पत्र वाचून मी ते टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन पाण्याची टाकी घासून काढली. माझ्या वयाच्या बाईनं करायचं काम नव्हतं ते. पण काहीतरी घासणं भाग होतं.

मी तुझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. आता मी कशावरच विश्वास ठेवत नाही, पाहते. रविवारी सपाट पुठ्ठ्यांचा एक गठ्ठा घेऊन रामबागेत गेले. पुठ्ठे खाटेवर ठेवले आणि बसले. बऱ्याच वेळानं प्रेमानंद उठला. तोंड धुतलं. एक पुठ्ठा घेतला, तळ बसवला, बाजू उभ्या केल्या, आणि माझ्याकडे न बघता डावीकडे सरकवला. डावीकडे मी बसले होते.

मी हात लावला नाही. त्यानं दुसरा केला. तिसरा. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वैभवीताई कुठं गेली?"

मी म्हटलं, "ती येणार नाही. तू कर."

"ते तिचं हाये."

"तिचं नाही. तुझंच आहे."

मान हलवली आणि हात बांधले. तासभर आम्ही दोघं तसे बसलो. चाळीस वर्षं मी वर्गात पोरांना नजरेनं गप्प केलं आहे. या माणसावर माझ्या नजरेचा काडीचा उपयोग झाला नाही. शेवटी तो पुठ्ठा हातात घेऊन त्या कानाशी काहीतरी करू लागला. बोटं घसरली, पुन्हा धरला, पुन्हा घसरली. आणि पंचफुलाबाई पाठीमागून आल्या, त्याच्या हातातून खोका घेतला, दोन्ही कान खटाखट लावले आणि म्हणाल्या, "हे पाहा झालं. एवढ्याश्या कामासाठी काहून तरास देता लेकराले?"

तो पुन्हा भिंतीकडे वळला. मी पंचफुलाबाईंना काय बोलले ते लिहीत नाही. त्यांनी मला काय ऐकवलं तेही नाही. शेजारची बाई मात्र दारात येऊन उभी राहिली होती.

घरी येताना रिक्षात मला कळलं की आम्ही सगळ्या एकच काम करतो आहोत. मी खोका उघडते, तू लावतेस, त्याची आई हिसकावून घेते. त्याच्या हातात तो शेवटपर्यंत कुणी राहूच दिलेला नाही.

तर ये. मला पटतंय म्हणून नाही, दुसरा उपाय नाही म्हणून. ज्यानं त्याला डावीकडे सरकवायला लावलं, त्यानंच डावीकडे बसून ते बंद करावं. अटी अशा. कॉलेजच्या नावाचा टीशर्ट घालायचा नाही. या दिवसांचे तास कुठल्या कागदावर चढवायचे नाहीत. फोन मीनलकडे द्यायचा. हात ओढणीत गुंडाळून बसायचं. तो रडला तरी बाहेर काढायचे नाहीत. त्याच्याशी खोटं बोलायचं नाही, हात दुखतात, भाजलं, असली नाटकं नकोत. मी त्या खोलीत येणार नाही, कारण मी आले की मी "पुन्हा" म्हणेन. काय झालं ते तू मला लिहून कळव. समोरासमोर सांगशील तेव्हा आपल्या दोघींचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

त्याला केंद्रात आणायची जबाबदारी मीनलची. तिनं त्याला फक्त एवढंच सांगितलं की वैभवी येणार आहे. तो लगेच शर्ट बदलायला गेला म्हणे.

महाशिवरात्र सव्वीसला आहे.

अंजना

—

उमरेड
१९ फेब्रुवारी

आजी,
जयभीम.

तुम्ही सांगितलं होतं तसं लिहिते. चांगलं वाचायला मिळेल असं समजू नका. मी फार वैतागले आहे.

पहिल्या दिवशी दादानं मला बघितलं आणि पाठ केली. मग कामाला लागला. एक अर्धा खोका माझ्याकडे सरकवला. मी हात ओढणीत ठेवून बसले. दुसरा सरकवला. त्यानं रांग टेबलाच्या कडेपर्यंत नेली, मग दुसरा मजला चढवला. खोके खाली पडायला लागले. तो उचलून पुन्हा माझ्यासमोर ठेवायचा. घरी जायची वेळ झाली तरी एक खोका पूर्ण नव्हता. दुसरा दिवस तसाच. त्याच्यापुढचाही तसाच. आजी, माझे हात ओढणीत वळवळायचे. दोन सेकंदांचं काम! मी बसमध्ये बसून स्वतःच्या बोटांना शिव्या दिल्या. तुम्ही कधी असं नुसतं बसून बघा. तुमचं "पुन्हा" त्यापेक्षा सोपं आहे.

चौथ्या खेपेला तो भडकला. सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "वैभवीताई आळशी झाली! काहीच नाही करत वं ही! नुसती बसून राहते!" गोपिकाताई म्हणाल्या, "कॉलेजच्या पोरी अशाच." मीनलताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला इतका राग आला की मी उठून जाणार होते. दादा मीनलताईंकडे गेला आणि माझी तक्रार केली. ताईंनी गंभीरपणे ऐकून घेतली. म्हणाल्या, "मी तिला काढून टाकू का?"

तो विचारात पडला. परत येऊन बसला. त्यानं वाकून माझ्या ओढणीतल्या हातांकडे पाहिलं.

"हात दुखते काय तुह्ये?"

तुमची अट होती, म्हणून मी म्हटलं, "नाही दुखत."

"मंग?"

"मंग काही नाही. मी करत नाही."

"तुले काढून टाकतीन ना."

"काढू दे."

तो पुटपुटला, "काहीच समजत नाही हिले." आणि माझ्यासमोरचा एक खोका त्यानं ओढून घेतला. "दे इकडे. तुह्यं मीच करतो." आणि कान लावायला बसला. माझ्यावर उपकार म्हणून! मला नोकरीवरून काढू नये म्हणून! पहिला कान त्यानं इतका दाबला की पुठ्ठा फाटला. त्यानं तो टाकून दिला, दुसरा घेतला. तोही फाटला. मी ओढणीची गाठ दातात धरली होती. चौथा की पाचवा लागला. वाकडा. अगदी वाकडा, एक कान आत आणि एक अर्धवट. त्यानं तो माझ्यापुढे ठेवला, मीनलताईंना हाक मारली आणि सांगितलं, "हे पाहा, वैभवीताईचं झालं."

मग मी काय करायचं? माझं म्हणून तो करतो आहे. काल त्यानं तसे गठ्ठाभर केले. निम्मे वाकडे आहेत. अजूनही प्रत्येक खोका संपला की म्हणतो, "हे माह्यं, हे तुह्यं," दोन्ही स्वतःच करून. हे बरोबर शिकणं आहे की चुकीचं, मला कळत नाही. तुम्ही म्हणाल, पुन्हा चुकीचं शिकवलंस. पण खोका पूर्ण होतो आहे, आजी.

आता चंपतरावांना वाकडे खोके चालतील का, ते तुम्ही विचारा. मला त्यांच्यासमोर जायची लाज वाटते.

वैभवी

—

नंदनवन, नागपूर
११ मार्च

चि. वैभवी,
सप्रेम जयभीम.

तीन आठवडे पत्र नाही म्हणून तू आईला पुन्हा माझ्या मागे लावलंस. मी मुद्दाम थांबले होते. नुसतं कामावर बोलावलं म्हणून पेढे वाटायची चूक एकदा झाली आहे.

शिकणं बरोबर की चुकीचं, ते मला विचारू नकोस, मलाही सांगता येत नाही. तुझा अर्धा म्हणून तो करतो तर करू दे. मीही घरात कित्येक कामं वर्षानुवर्षं दुसऱ्याची म्हणून केली आणि ती चोख झाली.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी त्याला घेऊन दुकानात गेले. सोबत त्यानंच केलेले खोके नेले, चांगले निवडले नाहीत, वरचे उचलले. चंपतरावांनी एक हातात घेऊन फिरवला.

"मॅडम, हे तर तिरपं हाये."

"आहे. मागचे सरळ होते ते याचे नव्हते. हे याचे आहेत. ठेवायचं तर या खोक्यांवर ठेवा."

"अन् लग्नाचं गिऱ्हाईक मले काय म्हणन?"

"खोका घरी नेऊन गिऱ्हाईक फाडतंच ना?"

त्यांनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या मोबाइलमध्ये होता. मग म्हणाले, किलोचे मोठे खोके याला नको, ते पुतण्या करील. पावचे आणि अर्ध्याचे हा करील, दुपारपर्यंत. वाकडे फार आले तर मी सांगीन. मी म्हटलं, सांगा, पण त्यालाच सांगा, मला फोन करू नका. पंचफुलाबाईंना मी दुकानाच्या पायरीवर चढू दिलं नाही. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. तुलाही तिकडे जायची मनाई आहे, हे वेगळं सांगायला नको. तू दारात दिसलीस तर तो रांग लावून बसेल.

मी मात्र आज गेले. मलाच धीर निघाला नाही.

दुकानात होळीची गर्दी होती. प्रेमानंद काउंटरच्या आत, पंख्याखाली, स्टुलावर. त्याच्या डावीकडे भिंत आहे, सरकवायला जागाच नाही. ही अक्कल चंपतरावांची. तो खोका करत होता, पूर्ण करत होता, आणि समोर रचत होता. माझ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. रचलेल्यांतल्या एकाचा कान बाहेर आलेला मला दिसला. एक बोट लावलं असतं तर आत गेला असता. मी काउंटरवरून हात घातला.

त्यानं खोका माझ्या हाताखालून ओढून घेतला. म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाइकानं तिकडे उभं राहावं."

चंपतराव एवढ्या मोठ्यानं हसले की मागची बाई विचारू लागली काय झालं. मी तिकडे उभी राहिले. माझ्यापुढे सातआठ जण होते. नंबर आला तेव्हा पावभर पेढे घेतले, घ्यायलाच लागले. ज्या खोक्याचा कान बाहेर होता तोच नेमका माझ्या वाट्याला आला. पुतण्यानं पेढे भरले, मी पिशवीत ठेवला.

नंदनवनच्या चौकात रिक्षा गचकली आणि खोका उघडला. पेढे पिशवीत सांडले, भाजीला लागले, कोथिंबिरीची पानं चिकटलेले पेढे मी आता निवडत बसले आहे. खोका टेबलावर आहे. त्याला मी हात लावलेला नाही.

उद्या सकाळी मी हाच खोका घेऊन सक्करदऱ्याला जाणार आहे, तक्रार करायला. चंपतरावांकडे नाही. रांगेत उभी राहीन, नंबर आला की खोका प्रेमानंदसमोर ठेवीन आणि सांगेन की तुझा खोका वाटेत उघडला, माझे पेढे वाया गेले. तो चिडेल. चिडू दे. त्याच्या कामाबद्दल त्याच्याकडे आजपर्यंत कुणी गिऱ्हाईक तक्रार घेऊन गेलेलं नाही.

अंजना